गावातलं वाचनालय नेमकं कुणाचं?

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि दुकानांबरोबर लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही घुसलं. गावात या वाचनालयाला सगळे ‘लोटिस्मा’ म्हणतात. त्याची स्थापना १८६४ ची. २६ जुलै २००५ च्या पुरातही त्याची पुस्तकं गेली होती. सोळा वर्षांनी पुन्हा हजारो पुस्तकं पाण्यात गेली.

अशा वेळी बाहेरच्या माणसाला साधा प्रश्न पडतो, की ही पुस्तकं आता परत कोण घेऊन देणार? सरकार देणार की नगरपालिका? खरं म्हणजे दोघांवरही ती थेट जबाबदारी नाही. वाचनालय सरकारी नाही, नगरपालिकेचं नाही आणि कुणा एका घराण्याचंही नाही. तरी दारावर ‘शासनमान्य’ लिहिलेलं असतं, सरकारकडून दरवर्षी अनुदान येतं आणि कुणीही आत जाऊन पेपर वाचू शकतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक लहान गावांतल्या वाचनालयांची हीच अवस्था आहे. ती अशी का आहेत हे समजायचं तर जवळजवळ दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात त्याच जिल्ह्यात झाली. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं. ही तारीख किती आधीची आहे बघा. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं ६ जानेवारी १८३२ ला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. म्हणजे मराठीत वर्तमानपत्र नव्हतं, छापील पुस्तकं बोटांवर मोजण्याएवढी होती, तेव्हा कोकणातल्या एका बंदरगावात वाचनालय उभं राहिलं. पेशवाई १८१८ ला संपली होती, जिल्ह्याचं ठाणं बाणकोटहून रत्नागिरीला आलं होतं. त्यामागून कोर्ट, कचेरी, इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे शिकलेले कारकून आले. वाचनाची गरज असलेला आणि वर्गणी परवडणारा वर्ग गावात तयार झाला होता.

सरकारचा वाटा त्यात होता, पण मर्यादित. मुंबई सरकारने १८०८ मध्येच ठरवलं होतं, की वाङ्मयाच्या उत्तेजनासाठी राखलेल्या पैशातून छापलेली पुस्तकं नोंदणी झालेल्या ग्रंथालयांना द्यायची. पुस्तकं द्यायची, ग्रंथालय मात्र लोकांनी चालवायचं. पुढच्या दोन शतकांचा नमुना इथेच पडला. सरकार थोडं देतं आणि उरलेलं गाव उभं करतं.

मग एकामागून एक गावं या वाटेने गेली. अहमदनगर १८३८, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०, सावंतवाडी १८५२, कल्याण आणि चिपळूण १८६४. त्या काळातली नावं ठरलेली असत, ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. पुण्याच्या वाचनालयामागे लोकहितवादी होते, आणि त्याच वर्षी त्यांची शतपत्रं ‘प्रभाकर’मध्ये येऊ लागली. शहाण्या माणसाने नुसतं बोलून भागणार नाही, वाचायची सोय केली पाहिजे, हा विचार त्या पिढीत पक्का होता.

चिपळूण हे तसं व्यापाराचं गाव. घाटावरचा माल कुंभार्ली घाट उतरून येई आणि गोवळकोटच्या धक्क्यावरून होडीने मुंबईला जाई. मुंबईचा माल त्याच खाडीने वर येई. अशा गावात मुंबईची बातमी ही चैन नव्हती. भाव काय, जहाजं कधी, कोर्टात काय निकाल लागला हे कळण्याला पैशाचं मोल होतं. म्हणून सुरुवातीची वाचनालयं मुख्यतः वर्तमानपत्रं वाचायच्या जागा होत्या. एक पेपर घेणं एकट्याला महाग पडे, दहा-वीस जण मिळून घेणं परवडे. पुस्तकांचं कपाट त्याला जोडून आलं, आणि त्यातली पुस्तकंही बऱ्याच अंशी इंग्रजी असत.

ही दिशा बदलली ती १८९३ मध्ये. विनायक लक्ष्मण भावे यांनी ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे तेच हे भावे. मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक एका छताखाली आणायचं, असा हट्टच होता तो. १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आलं. आज १८६७ पूर्वी छापलेल्या मराठी पुस्तकांना अभ्यासक ‘दोलामुद्रितं’ म्हणतात, आणि ती हाताला लागतात ती अशाच संस्थांमुळे. १८६७ हीच रेघ का, तर त्या वर्षी छापलेल्या पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यानंतरच्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद सापडते. त्याआधीची पुस्तकं कुणीतरी जपून ठेवली असतील तरच आहेत.

टिळक १९२० मध्ये गेले आणि गावोगावच्या वाचनालयांना त्यांचं नाव मिळू लागलं. राष्ट्रीय चळवळ आणि वाचनालय यांचं नातं तोवर घट्ट झालं होतं. व्याख्यानमाला, गणेशोत्सवातली भाषणं, केसरीचं सामूहिक वाचन, सगळं त्याच आवारात. या भागावर भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून मी इथे थांबत नाही. ज्यावर कमी बोललं जातं ते म्हणजे या दारातून कोण आत येत होतं आणि कोण नाही.

वर्गणीवर चालणारी संस्था वर्गणी भरणाऱ्यांचीच होते. एकोणिसाव्या शतकातल्या वाचनालयांचे सभासद वकील, मामलेदार, मास्तर, व्यापारी, म्हणजे बहुतांश वरच्या जातींतले पुरुष होते. दारावर ‘जनरल’ लिहिलं म्हणून अस्पृश्य मानलेल्या माणसाला आतल्या बाकावर बसता येत नव्हतं. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा वसतिगृहांबरोबर ग्रंथालयं काढणं हाही तिचा एक उद्देश होता. तो उगाच नव्हता. आधीच्या ग्रंथालयांत जागा नव्हती म्हणून तो लिहावा लागला. आपल्या जुन्या वाचनालयांचे शतकमहोत्सवी अंक वाचताना ही बाजू मला क्वचित भेटते. ती आली पाहिजे.

वर्गणीचा अडसर काढून टाकण्याचा वेगळा मार्ग एका मराठी राजाने दाखवला होता, तोही महाराष्ट्राबाहेर. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावलं आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, तालुक्याला ग्रंथालय, खेड्यात ग्रंथालय आणि ज्या गावात तेही नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या. खर्च संस्थानाचा, वाचकाला फुकट. मुंबई इलाख्यात मात्र असं काही झालं नाही.

तिथे गाडी हलली १९३९ मध्ये. बाळासाहेब खेरांच्या सरकारने आसफ फैझी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. तिचा अहवाल १९४० मध्ये आला. मध्यवर्ती, प्रादेशिक, जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव, अशी एकाखाली एक ग्रंथालयांची उतरंड तिने सुचवली. युद्धामुळे अहवाल पडून राहिला आणि खेर पुन्हा सत्तेवर आल्यावर अंमल सुरू झाला. पण नवी ग्रंथालयं बांधायला पैसे कुठे होते? म्हणून जिथे जुनं, नावाजलेलं वाचनालय आहे त्यालाच जिल्हा किंवा तालुका ग्रंथालय म्हणून मान्यता द्यायची आणि वर अनुदान द्यायचं असं ठरलं. लोकांनी उभारलेल्या संस्था अशा रीतीने सरकारी योजनेच्या खांबाला बांधल्या गेल्या, त्यांची मालकी मात्र बदलली नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण सगळा गुंता इथेच आहे. हिंदुस्थानातला ग्रंथालयांचा पहिला कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला. स्वातंत्र्यानंतरचा पहिला मद्रासचा, १९४८ चा. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, तो १ मे १९६८ पासून लागू झाला. मद्रास आणि महाराष्ट्र यांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या, आणि त्यांच्यातला फरक समजला की बाकीचं सोपं होतं.

मद्रासने घरपट्टीवर ग्रंथालय कर बसवला. गावातलं प्रत्येक घर थोडी रक्कम भरणार, ती ग्रंथालयासाठीच वापरली जाणार आणि ग्रंथालय चालवणार सार्वजनिक यंत्रणा. तिथला ग्रंथपाल त्या यंत्रणेचा पगारी माणूस. महाराष्ट्राने हा कर घेतला नाही. आपल्या कायद्यात ग्रंथालय निधी आहे, त्यात सरकारने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालायचे असं लिहिलं आहे, आणि त्या निधीतून मान्यताप्राप्त संस्थांना अनुदान द्यायचं. ग्रंथालय संचालनालय, शिक्षण खात्याच्या मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची राज्य ग्रंथालय परिषद, जिल्ह्याला ग्रंथालय अधिकारी अशी सगळी चौकट आली. शासकीय जिल्हा ग्रंथालयंही झाली. पण गावपातळीवरचं काम मात्र स्थानिक संस्थांच्याच गळ्यात राहिलं.

कर न घेण्यामागे विचार नव्हता असं नाही. महाराष्ट्राकडे शंभर-शंभर वर्षांच्या चालत्या संस्था होत्या, त्या बंद पाडून सरकारी शाखा उघडण्यात शहाणपण नव्हतं. त्या संस्थांनी जपलेलं स्वातंत्र्य मलाही मोलाचं वाटतं. चिपळूणच्या वाचनालयाने जानेवारी २०१३ मध्ये ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावात भरवलं आणि नंतर स्वतःचं वस्तुसंग्रहालय उभारलं. कुठल्या सरकारी शाखेने वरून आदेश नसताना हे केलं असतं? पण त्या स्वातंत्र्याची किंमत कोण मोजतो, हेही बघायला हवं.

मान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ग्रंथसंख्या, सभासद, वाचन कक्ष, नियतकालिकं, कामाचे तास यांवर वर्ग ठरतो, आणि जिल्हा, तालुका की इतर यावर अनुदानाची कमाल रक्कम. मान्य खर्चाच्या ९० टक्के सरकार देतं, १० टक्के संस्थेने उभे करायचे. अनुदानातला निम्मा भाग वेतनासाठी, निम्मा पुस्तकं, नियतकालिकं, वीज, भाडं वगैरेंसाठी. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून पुस्तकरूपाने मदत मिळते, ती वेगळी.

आता खेड्यातल्या ड वर्गाच्या ग्रंथालयाचा हिशेब मांडू. त्याला वर्षाला ३०,००० रुपये मिळत. २०२२ मध्ये राज्य सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली, तेव्हा ते ४८,००० झाले. त्यातले निम्मे, म्हणजे २४,००० वेतनाला. महिन्याला २,००० रुपये. या पैशात एका माणसाने रोज दार उघडायचं, झाडलोट करायची, देवघेव बघायची, नोंदी ठेवायच्या आणि तपासणीला अधिकारी आले की सगळी दप्तरं समोर ठेवायची. प्रभा राव समिती झाली, व्यंकप्पा पत्की समिती झाली, सेवकांना वेतनश्रेणी द्यावी अशी शिफारस झाली. ती वेतनश्रेणी आलेली नाही. पगार संस्थेने द्यायचा आणि संस्थेकडे पैसा अनुदानाचाच, म्हणून ग्रंथपाल कुणाचाच कर्मचारी ठरत नाही. वाचनसंस्कृती कमी झाली म्हणून हळहळणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा. वाचनालयं मरतात ती वाचकांअभावी कमी आणि यामुळे जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचक तर आहेत. स्पर्धा परीक्षांच्या तयारीची मुलं सकाळपासून अभ्यासिकेत जागा धरून बसतात, आणि दिवाळी आली की अंकांच्या योजनेला आजही रांग लागते.

अनुदानाच्या लोभाने नुसती कागदावर उघडलेली ग्रंथालयंही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१२ मध्ये राज्यभर पडताळणी झाली, तेव्हा अनेक ठिकाणी पाटी होती आणि पुस्तकं नव्हती. पण त्या पडताळणीनंतर नव्या ग्रंथालयांची मान्यताही थांबली. लबाडांबरोबर ज्या गावात खरंच वाचनालय हवं होतं त्यांचंही दार बंद झालं, ही मला मोठी चूक वाटते.

मग वाचनालय कुणाचं? कायद्याच्या भाषेत ते नोंदणीकृत संस्था आणि सार्वजनिक न्यास असतं. सोसायटी नोंदणीचा १८६० चा कायदा आणि न्यासांचा १९५० चा, अशा दोन्हींखाली बहुतेकांची नोंद आहे. सभासद कार्यकारी मंडळ निवडतात, वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब मंजूर करतात. इमारत, जमीन, पुस्तकं न्यासाची. कार्यकारी मंडळाला जागा विकायची झाली तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, मंडळातल्या सगळ्यांचं एकमत असलं तरीही. बाजारपेठेतल्या मोक्याच्या जागेवरची शंभर वर्षांची वाचनालयं अजून जागेवर दिसतात, त्यात या तरतुदीचा वाटा मोठा आहे.

एखाद्या वाचनालयाचा इतिहास शोधायचा असेल तर स्मरणिकांपेक्षा दाखल नोंदवही मागावी. प्रत्येक पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक मिळतो. तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठं, किंमत, कुणाकडून आलं आणि शेवटी शेरा, असे रकाने असतात. क्रमांक एकदा दिला की पुस्तक हरवलं, फाटलं किंवा बाद केलं तरी तो दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. त्यामुळे वही चाळताना गावच डोळ्यांसमोर येतं. आधी इंग्रजी पुस्तकांची पानं, मग कादंबऱ्यांची भरती, मग अनुदानाच्या वर्षांत मार्चअखेर एकदम झालेली खरेदी. ‘कुणाकडून’ या रकान्यात मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची आणि गावातल्या वकिलांची नावं. एखाद्या तारखेला एकाच देणगीदाराची दोन-तीनशे पुस्तकं ओळीने आलेली दिसली, की ओळखावं, कुणाच्या तरी घरातला वाचणारा माणूस गेला आणि घरच्यांनी त्याचं कपाट वाचनालयाला दिलं.

म्हणून पुरातून ही वही वाचवणं सर्वांत महत्त्वाचं. ती गेली तर काय गेलं हेच सांगता येत नाही.

भिजलेल्या पुस्तकांचं काय होतं हेही सांगतो, कारण पूर येऊन गेल्यावर मदतीला धावणारे लोक नेमक्या इथे चुकतात. कागद पाणी पितो आणि फुगतो. रॅकमध्ये दाटीने लावलेली पुस्तकं फुगली की एकमेकांत अशी अडकतात, की ओढून काढताना पुठ्ठा हातात येतो आणि आतली पानं तिथेच राहतात. जोर लावला तर रॅक वाकतं. साधा कागद सावकाश वाळवला तर वाचतो. गुळगुळीत चित्रांचा कागद मात्र पानाला पान चिकटून वाळला की त्याची वीट होते, ती पुन्हा उघडत नाही. कोकणातल्या जुलैच्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. उन्हात टाकावं तर ऊन नसतं, आणि कडक उन्हाने पानं वेडीवाकडी होतात. ओलं पुस्तक घाईने उघडू नये, वर आलेला चिखल स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवावा, पानांमध्ये थोड्या थोड्या अंतराने टिपकागद घालून तो बदलत राहावा, पंखे लावावेत. पुस्तकं फार असतील तर ती गोठवून ठेवणं हा जगभर वापरला जाणारा उपाय आहे. गोठलेल्या पुस्तकावर बुरशी वाढत नाही, आणि मग सवडीने एकेक वाळवता येतं. लहान गावात एवढं शीतगृह मिळणं कठीण, पण माशांच्या व्यापारामुळे कोकणात ते अगदीच अशक्यही नाही.

काय वाचवायचं याचा क्रमही आधीच ठरवलेला हवा. बाजारात मिळणारी कादंबरी वाळवत बसण्यात अर्थ नाही, ती नवी घेता येते आणि अशा वेळी प्रकाशक, लेखक, वाचक पुस्तकं पाठवतातही. चिपळूणला राज्यभरातून तशी मदत आली. परत न मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. तालुक्यातल्या साप्ताहिकांच्या बांधीव फायली, शाळांच्या आणि जत्रांच्या स्मरणिका, गावातल्या कुणी स्वखर्चाने छापलेल्या आठवणी, हस्तलिखितं, पोथ्या. यांची दुसरी प्रत मुंबईत असेलच असं नाही. पावसाळ्याआधी या गोष्टी वरच्या मजल्यावर हलवाव्यात आणि दाखल नोंदवहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून गावाबाहेर ठेवावा. याला खर्च जवळजवळ नाही.

वरचा मजला नसेल तर मात्र खर्च आहे. अनुदानाच्या १९७० च्या नियमांत इमारत आणि साधनसामग्रीच्या अनुदानाचीही तरतूद आहे. नदीकाठच्या गावांतल्या जुन्या वाचनालयांना ते रांगेत न थांबवता प्राधान्याने मिळालं पाहिजे. चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूर इथे पाणी येतं हे आता कुणाला नवं नाही, त्यामुळे इथल्या वाचनालयांची यादी करायला नवी समिती नेमण्याची गरज नाही. सभासदांनी येत्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव करून तो जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे पाठवावा. ठराव मांडायचा हक्क आजीव सभासदाइतकाच महिन्याची वर्गणी भरणाऱ्या सभासदालाही असतो का, हे आपल्या संस्थेच्या घटनेत आधी बघून घ्यावं. घटनेची प्रत वाचनालयातच असते.